अकौस्टिक न्यूरोमाचं ऑपरेशन: तोलाची तयारी आधी, मेहनत नंतर

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'अकौस्टिक न्यूरोमा' किंवा 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' असं लिहून आलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो कॅन्सरचा. त्याचं उत्तर सोपं आहे: कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची ही गाठ कॅन्सरची नसते. ती सावकाश वाढते, बहुतेकदा वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर, आणि काही गाठी तर वर्षानुवर्षं आहे तेवढ्याच राहतात. मग सर्जनसमोर बसल्यावर ऐकू येईल का, चेहरा वाकडा होईल का, हे विचारलं जातं. तोलाचं नाव क्वचितच कुणी काढतं. ऑपरेशननंतर बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागली की मग आम्हा फिजिओथेरपिस्टना बोलावणं येतं.

अशा पेशंटना पुन्हा चालतं करणं हे माझं काम. त्यात एक गोष्ट प्रत्येकाला सांगावी लागते आणि पहिल्या झटक्यात ती कुणालाच पटत नाही: ज्या हालचालीने चक्कर येते, तीच हालचाल तोलाचं औषध आहे. गाठ सर्जन काढतो. तोल मात्र मेंदूला नव्याने शिकावा लागतो, आणि पडून राहून तो शिकता येत नाही. ही शिकवणी ऑपरेशनच्या आधीच सुरू झाली तर नंतरचे दिवस पुष्कळ हलके जातात. खाली दिलेलं सगळं आपल्या सर्जनला आणि फिजिओथेरपिस्टला दाखवून, त्यांच्या परवानगीनेच करायचं आहे, हे आधी सांगून ठेवते.

तोल जातो कुठे

आपण सरळ उभे आहोत की कललो आहोत, हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं. डोळ्यांनी, पायांचे तळवे आणि सांध्यांनी, आणि दोन्ही कानांत खोलवर असलेल्या तोलाच्या यंत्रणेने. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं फिरलेलं टिपतात. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियमचे बारीक कण असतात, त्यांच्यामुळे कलणं आणि सरकणं कळतं. डोकं स्थिर असताना दोन्ही कानांचे संदेश सारख्या जोराचे असतात. एका बाजूचा जोर कमी झाला की मेंदूची समजूत होते, आपण फिरतोय.

अकौस्टिक न्यूरोमा बहुतेक वेळा आठव्या नसेच्या तोलाच्या फांदीवर, तिच्या आवरणातल्या श्वान पेशींतून वाढतो. ऐकण्याची फांदी तिला खेटून असते, म्हणून एका कानाने कमी ऐकू येणं आणि कानात शिट्टीसारखा आवाज ही लक्षणं आधी जाणवतात. तोलाची फांदी खरं तर आधीच दुखावलेली असते, पण गाठ इतकी सावकाश वाढते की मेंदू गुपचूप जुळवून घेत राहतो. घर गरगर फिरल्यासारखी चक्कर त्यामुळे थोड्यांनाच येते. बाकीच्यांना अंधारात झोक जातो, किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावंसं वाटतं, इतकंच.

ऑपरेशनच्या मुख्य वाटा तीन. कानामागचं हाड कोरून आतल्या कानातून गाठीपर्यंत जायचं, यात त्या कानाचं ऐकणं जातंच. किंवा कानाच्या मागून कवटी उघडायची, किंवा कानाच्या वरून. या शेवटच्या दोन वाटांनी ऐकणं वाचवायचा प्रयत्न करता येतो, पण गाठीचा आकार आणि आधीचं ऐकणं यांवर ते अवलंबून असतं. तोलापुरतं बोलायचं तर बहुतेकदा तिन्ही वाटांचा शेवट सारखाच: त्या बाजूच्या तोलाच्या नसेचं उरलंसुरलं काम गाठीबरोबर संपतं.

इथे एक उलटी गंमत आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. गाठ छोटी आणि त्या बाजूचा तोल अजून बराच शाबूत असेल, तर ऑपरेशननंतरची चक्कर जोरदार येते, कारण चालू असलेला संदेश एकदम बंद पडतो. गाठीने ती बाजू आधीच निकामी केली असेल, तर मेंदूला नवीन असं काही घडलेलं नसतं आणि पेशंट दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून चहा मागतो. "माझी गाठ एवढीशी, तरी मलाच का एवढा त्रास?" असं विचारणाऱ्याला हे सांगितलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. फार मोठ्या गाठीचं गणित मात्र वेगळं. ती लहान मेंदूवर दाब देत असेल तर जुळवून घेणारी यंत्रणाच दमलेली असते, आणि तिथे सुधारणा सावकाश होते.

आधी बघा, किती शिल्लक आहे

म्हणून पहिलं पाऊल चाचण्यांचं. ऐकण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, झालेलीच असते. तोलाची चाचणी अनेकदा राहून जाते, ती मागून घ्या. व्हिडिओ हेड इम्पल्स टेस्टमध्ये डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवून डोकं अचानक, थोडंसंच वळवतात आणि नजर जागेवर टिकते का ते बघतात. कॅलरिक टेस्टमध्ये कानात आलटून पालटून ३० आणि ४४ अंशांचं पाणी किंवा तशीच गार-गरम हवा सोडतात. दुसरीत चक्कर येते, ती यावीच लागते, पण काही मिनिटांत ओसरते. जाताना सोबत कुणी तरी असू द्या आणि पोट फार भरलेलं नको.

सर्जनला एवढं विचारा: त्या बाजूचा तोल किती शिल्लक आहे, दुसरा कान पूर्ण चांगला आहे ना, आणि तुम्ही कुठल्या वाटेने जाणार. दुसऱ्या कानाचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण ऑपरेशननंतर सगळा भार त्याच कानावर येणार असतो. एनएफ २ नावाच्या आनुवंशिक आजारात तर दोन्ही बाजूंना गाठी होतात, तिथे बेत पहिल्यापासूनच वेगळा आखावा लागतो.

याच वेळी पायांची संवेदना, रक्तातली साखर आणि बी १२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी १२ कमी सापडणं नेहमीचं आहे, आणि ते फार कमी असेल तर तळव्यांकडून मेंदूला जाणारी बातमी अर्धवट पोचते. एक कान गेल्यावर तळव्यांवरच भिस्त ठेवायची असते. डोळ्यांचा नंबरही तपासा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून जिन्याची पायरी धूसर दिसते, चालण्यापुरता एक लांबचा साधा चष्मा करून ठेवला तर पैसे वाया जात नाहीत.

ऑपरेशनआधीचे आठवडे

तारीख ठरली की रोजचं चालणं आणि व्यायाम सुरू करा. महिना-दीड महिना मिळाला तर उत्तम, पंधराच दिवस असतील तर पंधरा दिवस. व्यायाम पुढे सविस्तर येतात, तेच आत्ता शिकून घ्यायचे. डोकं ठणकत असताना, मळमळत असताना नवीन काही शिकणं फार जड जातं. आधी हाताखालून गेलेला व्यायाम तेव्हा निम्मा सोपा वाटतो.

स्वीडनमधल्या लुंड इथल्या मॉन्स मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याच्या पुढचं पाऊल मांडलं. तोल शिल्लक आहे, पण ऐकणं वाचण्याची आशा नाही, अशा पेशंटच्या कानात ऑपरेशनच्या आधीच जेंटामायसिन हे औषध सोडून ती बाजू मुद्दाम बंद करायची आणि रोज व्यायाम करून घ्यायचे. चक्कर येते ती घरी, धडधाकट असताना, आणि कवटीवरच्या ऑपरेशनच्या वेळेपर्यंत मेंदू सावरलेला असतो. जेंटामायसिन ऐकणंही मारू शकतं, त्यामुळे हा उपाय सरसकट नाही आणि सगळीकडे होतही नाही. पण त्यामागचा विचार मला फार पटतो: दोन धक्के एकाच दिवशी बसू देऊ नका.

घराची तयारीही याच दिवसांत करा. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्की दांडी ठोकून घ्या. टॉवेलचा रॉड धरायला नसतो, तो उखडून हातात येतो. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, खाली रबरी मॅट. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. दारातली पायपुसणी आणि घसरती सतरंजी उचलून ठेवा. माळ्यावरचे आणि सगळ्यात खालच्या फडताळातले रोजचे डबे ओट्याच्या उंचीवर आणा. भारतीय बैठकीचा संडास असेल तर काही आठवड्यांसाठी कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. सपाता बाजूला ठेवा; टाचेला पट्टा असलेली, पातळ आणि न घसरणाऱ्या तळाची चप्पल घ्या. जाड मऊ तळाच्या चपलांत पायाला जमीन कळत नाही.

हॉस्पिटलमधले दिवस

पहिला दिवस बहुतेकदा आयसीयूत जातो. तोल शिल्लक असताना ऑपरेशन झालं असेल तर डोळे आपोआप हलत असतात, झटका चांगल्या कानाच्या दिशेने. खोली फिरते, उलट्या होतात. घाबरायला होतं, पण मेंदूच्या दृष्टीने हे अपेक्षित आहे. डोळे घट्ट मिटून राहू नका. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ, दाराची कडी, काही तरी न हलणारं निवडा आणि थोडा थोडा वेळ त्यावर नजर ठेवा.

डॉक्टरांनी हो म्हणताच, अनेकदा पहिल्या किंवा दुसऱ्याच दिवशी, बसायला सुरुवात होते. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, हाताच्या आधाराने उठा. दोन-तीन मिनिटं तसेच बसा, नजर एका जागी. मग उभं राहणं, मग शेजारच्या खुर्चीत बसणं. पहिली चाल नर्स किंवा फिजिओथेरपिस्टबरोबरच होऊ द्या. घरच्या माणसाने ऑपरेशनच्या बाजूला उभं राहायचं, कारण झोक त्याच बाजूला जातो. पेशंटच्या कोपराखाली हात द्यायचा, दंड धरून ओढायचं नाही. बोलायचं मात्र समोर येऊन. त्या बाजूच्या कानात कितीही प्रेमाने काही सांगितलं तरी पोचत नाही, आणि पेशंट आवाज शोधायला मान फिरवतो तिथेच तोल जातो.

काही लक्षणांसाठी व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं. खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ टपकणं, घशात खारट चव उतरत राहणं, जखमेतून पाणी येणं. हे मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ताप, मान ताठ होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, नव्याने दोन दोन दिसणं, हातापायात नवी कमजोरी, पिंडरी सुजून दुखणं किंवा अचानक धाप लागणं. घरी गेल्यानंतरही ही यादी फ्रिजवर चिकटवून ठेवा.

घरी आल्यावर

साधारण पहिले चार ते सहा आठवडे, किंवा सर्जन सांगेल तेवढे दिवस, डोकं खाली जाईल असं वाकायचं नाही, भरलेली बादली उचलायची नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. इसबगोल घ्यायचं की आणखी काही, ते डॉक्टरांना विचारा. वाकून नमस्कार, खाली बसून पोळ्या, लादी पुसणं, सगळं नंतर. या मर्यादेत राहूनही तोलाचं काम भरपूर करता येतं.

तोलाचे ठरवून केलेले व्यायाम ही कल्पना नवीन नाही. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथोर्न नावाच्या कानाच्या सर्जनने आणि कुकसी यांनी मिळून कानाच्या आजारांच्या आणि डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी ते बसवले. चक्कर येणाऱ्या माणसाला अंथरुणात न ठेवता हलवा, हे त्यांचं सूत्र आजही टिकलं आहे. आता व्यायाम जास्त नेमके झालेत, इतकंच.

नजर टिकवायचा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो नीट सांगते. पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कागदावर स्केचपेनने एकच अक्षर काढा, 'क' चालेल. उंची बोटाच्या पेराएवढी. कोऱ्या भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत चिकटवा आणि हातभर अंतरावर खुर्चीत बसा. आता अक्षरावरची नजर न हलवता डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायचं, 'नाही नाही' म्हणताना हलवतो तेवढंच. अक्षर स्वच्छ दिसत राहिलं पाहिजे. ते उड्या मारायला लागलं, पुसट झालं किंवा दोन दिसायला लागले तर वेग जास्त झाला. किंचित कमी करा. काहीच जाणवत नसेल तर वेग फार कमी आहे. जेमतेम अक्षर टिकतं आणि थोडं गरगरतं, त्या काठावर काम करायचं. सुरुवातीला अर्धा मिनिट, मग एक मिनिट. नंतर तेच 'हो हो' म्हणताना हलवतो तसं वर-खाली. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत दिवसातून तीन वेळा मिळून सुमारे १२ मिनिटं, आणि जुन्या रेंगाळलेल्या त्रासात तीन ते पाच वेळा मिळून किमान २० मिनिटं, हा सध्याचा मान्य हिशेब आहे. ही बेरीज तुकड्यातुकड्यांनी भरायची.

पेशंट इथे एक चलाखी करतात, नकळत. डोकं हलवायच्या ऐवजी खांदे हलवतात, किंवा टोकाला गेल्यावर डोळे क्षणभर मिटतात. समोर घरचं कुणी बसवा, त्याला हे लगेच दिसतं.

बसून जमलं की उभं राहून, मग पाय जुळवून, मग चालत चालत. कोऱ्या भिंतीऐवजी फुलाफुलांच्या पडद्यावर कागद टाचला की तोच व्यायाम एकदम अवघड होतो, करून बघा. शेवटची पायरी म्हणजे कागद हातात धरून डोकं एका बाजूला आणि कागद विरुद्ध बाजूला हलवायचा. ती घाईने घेऊ नका.

दुसरा व्यायाम उभं राहण्याचा. खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींकडे पाठ करून उभे राहा, समोर जड खुर्ची ओढून घ्या, तिची पाठ आपल्याकडे. कोणत्याही बाजूला गेलात तरी काही तरी हाताशी आहे. यात बदलण्यासारख्या तीनच गोष्टी असतात: पावलं, डोळे आणि जमीन. आधी पावलं खांद्याइतकी लांब, मग जुळवून, मग एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धं पुढे, मग टाचेला अंगठा लावून. प्रत्येक ठिकाणी ३० सेकंद हात न लावता जमलं की तेच डोळे मिटून. तेही जमलं की पायाखाली कापसाची घडी केलेली गादी किंवा घट्ट उशी. एका वेळी एकच गोष्ट बदला. गादीवर डोळे मिटून उभं राहणं म्हणजे डोळे आणि तळवे दोन्ही काढून घेऊन फक्त कानावर ओझं टाकणं. कुणी शेजारी असल्याशिवाय ते करायचं नाही.

तिसरं चालणं. पहिले काही दिवस घरातल्या घरात, मग बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये. सरळ चालायला येऊ लागलं की पॅसेजमधल्या दारांवरच्या नावाच्या पाट्या डावीकडे-उजवीकडे वाचत चाला. पाटी वाचायला मान वळते, पाय सरळ जावे लागतात. दोन्ही एकदम करणं हाच सगळा अभ्यास. मग मध्येच थांबणं, वळून परत येणं, वेग बदलणं. जिना चढताना-उतरताना कठडा धरा, त्यात कमीपणा नाही.

चक्कर किती चालेल, हे मोजायला शून्य ते दहाची पट्टी मनात ठेवा. व्यायामाने ती दोन-तीन अंकांनी वाढली आणि पंधरा-वीस मिनिटांत व्यायामाआधीच्या अंकावर आली, तर डोस बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही कालचं गरगरणं उरलं असेल तर वेळ निम्मी करा, पण बंद करू नका. आणि दुपारी झोपा, खुशाल. मेंदू जे काम आधी न सांगता करायचा ते आता लक्ष देऊन करतोय, त्यामुळे साधं दोघांशी एका वेळी बोलूनही माणूस थकतो. याला आळस म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

गोळ्या, कॉलर आणि भेटायला येणारी मंडळी

स्टेमेटिल, स्टुजेरॉन या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या उलट्यांसाठी ठीक आहेत. त्यापुढे त्या मेंदूला चक्कर कळूच देत नाहीत, आणि जे कळत नाही ते तो दुरुस्तही करत नाही. महिनोन्‌महिने घेतल्या तर हात कापणं, हालचाली मंदावणं असे त्रासही होऊ शकतात, विशेषतः वयस्कर माणसांत. तरीही औषधाच्या दुकानात "चक्करची द्या" म्हटलं की पाकीट मिळतं. घरात आधीपासून अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलून कमी करत आणा. व्हर्टिन ही चक्करचीच गोळी, पण वेगळ्या प्रकारची आहे, तीही कुणी तरी सुचवली म्हणून घेऊ नका.

मानेची कॉलर हा दुसरा मोह. ऑपरेशननंतर मान दुखते, डोकं हलवलं की गरगरतं, मग माणूस मान ताठ ठेवून अख्ख्या अंगाने वळायला लागतो. कॉलर हीच सवय पक्की करते. डॉक्टरांनी स्वतः सांगितली नसेल तर लावू नका.

आणि भेटायला येणारे. मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांचा जीव तुटत असतो आणि सगळ्या एकच सांगतात: "उठू नकोस गं, पडून राहा, हातात देते सगळं." पाण्याचा पेला हातात मिळाला की पेशंटच्या दिवसातल्या दहा चकरा गेल्या. मी घरच्यांना सांगते की काळजी दाखवायचीच असेल तर संध्याकाळी अर्धा तास येऊन तिच्याबरोबर पॅसेजमध्ये चाला.

डोळा आणि न ऐकू येणारा कान

चेहऱ्याची सातवी नस गाठीला चिकटून जाते, ती दुखावली असेल तर त्या बाजूची पापणी पूर्ण मिटत नाही. मग डोळा कोरडा पडतो, धूसर दिसतं, आणि नजर टिकवायचा व्यायाम बिघडतो. डॉक्टरांनी दिलेले थेंब दिवसभर ठरल्या वेळी घाला, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. पंख्याच्या थेट वाऱ्यात बसू नका. डोळा लाल झाला, दुखला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

एका कानाने ऐकू येत नसेल तर आवाजाची दिशा कळत नाही. हॉर्न वाजतो, पण मागून की डावीकडून, पत्ता नाही. रस्ता ओलांडताना पूर्ण थांबा, खांब किंवा सोबत्याचा हात धरा, दोन्हीकडे बघा, नजर स्थिर होऊ द्या आणि मगच पाऊल टाका. चालता चालता मान वळवून बघणं सुरुवातीचे काही महिने नकोच. सोबत्याला ऐकू येणाऱ्या बाजूला घ्या. गेलेल्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोचवणारी श्रवणयंत्रं मिळतात, त्याबद्दल ऑडिओलॉजिस्टला विचारा.

मर्यादा उठल्यावर

सर्जनने वाकायची परवानगी दिली की घर हीच व्यायामशाळा. वाळत घालायचे कपडे बादलीतून एकेक उचलून दोरीवर टाकणं, यात वाकणं, उठणं, वर बघणं, सगळं येतं. मांडणीवरचे डबे खालून वर, वरून खाली. पाटावर बसून उठणं. रांगोळी. देवळात जात असाल तर प्रदक्षिणा, आधी गर्दी नसताना.

समुद्रकिनारा जवळ असेल तर ओल्या घट्ट वाळूवरून चालायला सुरुवात करा, मग कोरड्या भुसभुशीत वाळूवर. शेताच्या बांधावरून चालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, मात्र संधिप्रकाशात बांध टाळा आणि हातात बॅटरी ठेवा.

अनेकांना पायांपेक्षा डोळ्यांचा त्रास जास्त टिकतो. मंडईतली गर्दी, मॉलमधल्या मालाच्या लांब रांगा, मोबाइलवर भराभर वर सरकणारा मजकूर, समोरून सुटणारी लोकल. नुसतं बघूनच पोटात ढवळतं. मेंदूने डोळ्यांवर जास्त विसंबायची सवय लावून घेतलेली असते. ती मोडायची तर टाळून चालत नाही. सकाळी मंडई रिकामी असताना दहा मिनिटं, पुढच्या आठवड्यात थोड्या गर्दीत. गणपतीच्या दिवसांत थेट मिरवणुकीत नका घुसू.

कामावर जाणं बऱ्याच जणांना ६ ते १२ आठवड्यांत जमतं, शिडीवर किंवा उंचावर चढायचं काम असेल तर ते बदलून मागा. गाडीची घाई करू नका. चारचाकी आधी, तीही सर्जनच्या परवानगीने, आणि डोकं झटकन वळवूनही दुकानाची पाटी स्पष्ट वाचता येते हे चालताना तपासून झाल्यावर. दुचाकीवर मागे वळून बघणं, खड्डा चुकवणं आणि हॉर्नची दिशा ओळखणं हे तिन्ही लागतं, म्हणून ती सगळ्यात शेवटी.

पोहण्याबद्दल मी कडक आहे. पाण्याखाली पायाला जमीन नसते, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि एका बाजूचा कान बंद. अशा वेळी वर कुठे आणि खाली कुठे हे खरोखर कळेनासं होतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. विहिरीत उडी, नदीचा डोह, समुद्रात एकट्याने आत जाणं बंद. उथळ तलावात, उजेडात, सोबत माणूस असताना, डोकं पाण्यावर ठेवून, इथून सुरुवात.

सुधारणा अडली तर

घर फिरणं पहिल्या काही आठवड्यांत थांबतं. भरभर डोकं हलवल्यावरचा अंधूकपणा आणि अंधारातला झोक जायला काही महिने लागतात, काहींना वर्षही. थोडं कायमचं राहू शकतं. पण रोज व्यायाम करूनही दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर कारण शोधायला हवं. पलंगावर कूस बदलताना काही सेकंद जोरात गरगरत असेल तर कानातले कण जागा सोडून नलिकेत गेलेले असू शकतात. त्यावर वेगळी, काही मिनिटांची युक्ती आहे, ती तज्ज्ञाकडून करून घ्यायची. मधुमेहाने बधिर झालेले तळवे, मोतीबिंदू, बी १२, चालू असलेल्या झोपेच्या गोळ्या, पडण्याची मनात बसलेली भीती, यातलं काहीही वाट अडवू शकतं.

ज्यांची गाठ नुसती नजरेखाली ठेवली आहे किंवा ज्यांनी गॅमा नाइफसारखी किरणोपचाराची वाट घेतली, त्यांनाही हेच व्यायाम उपयोगी पडतात. फरक एवढा की तिथे नस कापली जात नाही, तिचं काम कमीजास्त होत राहतं, त्यामुळे काही महिने चांगले आणि काही वाईट जाऊ शकतात.

ऑपरेशनला वर्ष होऊन गेल्यावर, सगळं सुरळीत असताना, एखाद्या तापानंतर, रात्रीच्या जागरणानंतर किंवा एसटीच्या लांब प्रवासानंतर जुनी चक्कर परत आल्यासारखी वाटते. बहुतेक वेळा गाठ परत आलेली नसते, दमलेल्या मेंदूची घडी तात्पुरती विस्कटलेली असते. कपाटातला 'क'चा कागद काढा आणि बसून करायच्या पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. या वेळी सावरायला बहुधा कमी दिवस लागतात. त्याबरोबर नवी डोकेदुखी, चेहऱ्याला बधिरपणा, दोन दोन दिसणं किंवा ऐकण्यात आणखी घट असेल तर व्यायामाच्या आधी सर्जनला फोन करा. आणि सर्जनने ठरवून दिलेला पुढचा एमआरआय तब्येत ठणठणीत वाटली तरी चुकवू नका.